शालेय विज्ञानप्रकल्पांत सर्पाचा अभ्यास : बीड जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

शालेय विज्ञानप्रदर्शनासाठी विषय सुचवा, अशी विनंती माध्यमिक शाळांतील शिक्षकांकडून विद्यापीठीय विभागांकडे नेहमी येत असते. प्राणिशास्त्राच्या बाबतीत ह्या विनंतीबरोबर पुष्कळदा एक जोडप्रश्नही येतो : वर्गात एखादा साप पाळून त्याची वाढ, आहार, कात टाकणे इत्यादींच्या नोंदी विद्यार्थ्यांकडून करवून घेता येतील काय? पाश्चात्त्य देशांतील शाळांत अमेरिकेतील कॉर्न स्नेक किंवा आफ्रिकेतील बॉल पायथन ह्यांसारखे पाळीव सर्प ठेवून असे प्रकल्प केले जातात. ते वाचून आपल्याकडील उत्साही शिक्षकांसही तसे करावेसे वाटावे, हे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचे उत्तर देऊन, साप हातात न धरताही बीडसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस सर्पविषयक कोणते प्रकल्प करता येतील, आणि त्यांतून केवळ बक्षिसापलीकडचे काय हाती लागेल, ह्याचा विचार करावयाचा आहे.

१. साप पाळता येईल काय?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ ह्या शब्दाची व्याख्या व्यापक असून तीत प्राणी पकडण्याचाही समावेश होतो. त्यामुळे ओढ्याकाठचे दिवड पकडून बरणीत ठेवणे हादेखील केवळ बालसुलभ खेळ राहत नाही. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष मिळविणे इत्यादी विशेष प्रयोजनांसाठी ह्याच अधिनियमाच्या कलम १२ अन्वये परवानगी मिळू शकते. परंतु ती मुख्य वन्यजीव रक्षकांनी द्यावयाची असते, आणि अनुसूची १ मधील प्राण्यांच्या बाबतीत केंद्र शासनाची पूर्वसंमतीही लागते. ही तरतूद किती गंभीरपणे राबविली जाते, ह्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागपंचमीची जिवंत नागांची प्रथा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंद पडली होती. २०२५ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शैक्षणिक प्रयोजनासाठी तेथे २१ नाग पकडण्यास अटींसह परवानगी दिली. जेथे एका गावाच्या जुन्या परंपरेसही इतक्या मोजक्या संख्येची आणि दिल्लीच्या संमतीची गरज पडते, तेथे शाळेने परस्पर साप ठेवणे सर्वथा अयोग्य होय. परदेशी सापांचाही मार्ग मोकळा नाही; बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या परिशिष्टांत नोंद असलेल्या प्राण्यांची नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनी आवश्यक ठरविले आहे.

जीवशास्त्राच्या दृष्टीनेही उत्तर फारसे निराळे नाही. कुत्रा किंवा गाय ह्यांच्याप्रमाणे साप माणसाळत नाही. वारंवार हाताळल्याने त्याचा प्रतिकार कमी होतो, एवढेच. ह्या निष्क्रियतेस प्रेम समजणे ही निरीक्षणातील चूक आहे. रानातून पकडलेला साप बंदिवासात पुष्कळदा अन्नच घेत नाही. म्हणजे जे नैसर्गिक वर्तन पाहावयाचे, तेच पकडण्याच्या कृतीने नाहीसे होते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावरून साल्मोनेला जातीचे जंतू मुलांच्या हाताला लागण्याचाही संभव असतो.

येथे सर्पमित्रांच्या कार्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सोनवणे दांपत्याने उभारलेले ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडणे हा अशा केंद्राचा हेतू असतो. साप ठेवावयाचा तो परत सोडण्यासाठीच, हा विचार शाळेने येथून घ्यावा. ह्याउलट शाळेच्या पटांगणात नाग उघडा सोडून मुलांकडून त्यास हात लावविणे, ह्याला शिक्षण म्हणता येत नाही. त्यातून मुलांच्या मनात राहते ते साप पकडणाऱ्याचे धाडस. सापाविषयीचे ज्ञान नव्हे. ह्या धाडसाचे अनुकरण करू पाहणाऱ्या मुलाची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने स्वतःस विचारावा.

२. जिल्ह्याची पार्श्वभूमी

बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, दक्षिणेस मांजरा, आणि मधून बालाघाटच्या डोंगररांगा गेल्या आहेत. खडकाळ माळ, काळ्या जमिनीतील उन्हाळी भेगा, दगडी बांध, कडब्याच्या गंजी आणि जनावरांचे गोठे ही येथील सापांची आश्रयस्थाने होत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार प्रमुख विषारी जातींबरोबरच धामण, दिवड, तस्कर, कवड्या, नानेटी, मांडूळ, डुरक्या घोणस, वाळा ह्या बिनविषारी जाती शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत.

परंतु ह्या जिल्ह्यात सर्पविषयक शिक्षणास महत्त्व येते ते आणखी एका कारणाने. दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ह्या काळात त्यांचा मुक्काम फडाजवळच्या कोप्यांत असतो. अंथरूण जमिनीवर, उजेड अपुरा, काम पहाटेच्या अंधारात, आणि हात-पाय सतत पाचटात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळेत जातात. म्हणजे वर्गात बसून साप हा धडा वाचणाऱ्या मुलाचे आईवडील त्याच वेळी सापाच्या अधिवासात काम करीत असतात.

हा धोका काल्पनिक नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली. म्हणजे सरासरीने वर्षास ५८,००० मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशास उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले. भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्याने घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. शालेय प्रकल्पांची आखणी ह्या पार्श्वभूमीवर व्हावी.

३. पहिला प्रकल्प : खवल्यांची गणना व ओळख

वर्गीकरणशास्त्राचा पाया मोजणीत आहे, रंगात नाही, हे विद्यार्थ्यांस शिकविण्यास सापासारखा दुसरा विषय क्वचितच सापडेल. सापाच्या पाठीवरील खवल्यांच्या ओळी शरीराच्या मध्यभागी मोजल्या असता मण्यारात त्या बहुधा १५, धामणीत १६ किंवा १७, दिवडात १९, नागात २१ ते २५ आणि घोणशीत २७ ते ३३ आढळतात. मण्याराच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले मोठे व षट्कोनी असतात. घोणस व फुरसे ह्यांत ओळींच्या संख्येचे क्षेत्र एकमेकांवर येते. परंतु घोणशीच्या शेपटीखालील खवले जोडीने असतात, तर फुरशाचे अखंड असतात. केवळ एका लक्षणावर निर्णय न देता दोन-तीन लक्षणे एकत्र घ्यावयाची असतात, हा धडा येथे आपोआप मिळतो.

ही मोजणी करण्यास जिवंत साप लागत नाही. आणि मेलेला सापही मुलांच्या हाती देऊ नये, कारण मृत्यूनंतर काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने त्याचे डोके चावू शकते. चांगली छायाचित्रे, महाविद्यालयातील संग्रहित नमुने आणि सापाने टाकलेली कात ही साधने पुरेशी आहेत. गोठ्यात किंवा बांधावर कात आढळल्यास शिक्षकांच्या देखरेखीखाली तिचे छायाचित्र घ्यावे, लांबी मोजावी, खवल्यांच्या ओळी मोजाव्यात आणि तिला तेथेच राहू द्यावे. ती शाळेत जतन करावयाची असल्यास आधी वनविभागाचा सल्ला घ्यावा. कात सापापेक्षा लांब का भरते, ह्यावर विद्यार्थ्यांनी विचार करावा. कात निघताना ताणली जाते आणि दोन खवल्यांमधील घडीची त्वचाही तीत उलगडते, हे उत्तर त्यांस स्वतः शोधू द्यावे. अशा रीतीने सापाची खरी लांबी आणि कातीची लांबी ह्यांतील फरक हा मापनातील दोषाचा उत्तम पाठ होतो.

ह्याच प्रकल्पाचा दुसरा भाग म्हणजे सारख्या दिसणाऱ्या जातींची तुलना. कवड्या आणि मण्यार ह्यांत होणारा घोटाळा प्रसिद्ध आहे. मण्याराचे पांढरे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात व शेपटीकडे स्पष्ट असतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन मागे पुसट होत जातात. डुरक्या घोणस व खरी घोणस ह्यांचीही अशीच तुलना करता येईल : पहिलीची शेपटी आखूड, तर दुसरीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा. मात्र एक सूचना प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ठळकपणे लिहावी : ही ओळख दुरून पाहण्यासाठी व समजून घेण्यासाठी आहे, दंश झाल्यावर बिनविषारी म्हणून घरी बसण्यासाठी नव्हे.

४. दुसरा प्रकल्प : जिवंत बिळांची मोजणी

साप हा शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. ते किती खरे, हे तपासण्याची रीत मात्र क्वचितच सांगितली जाते. कृषिसंशोधनात उंदरांची संख्या अजमावण्यासाठी एक सोपी पद्धत रूढ आहे. शेताचा ठराविक भाग आखून घेऊन त्यातील उंदरांची सर्व बिळे सायंकाळी मातीने बुजवावयाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील ती ‘जिवंत बिळे’ म्हणून मोजावयाची. बिळे लांब दांड्याच्या फावड्याने मोठ्या माणसांनी बुजवावीत. हात बिळाजवळ नेऊ नये, पायांत बूट असावेत, आणि विद्यार्थ्यांनी मोजणी व नोंद एवढेच काम करावे.

आता तुलना अशी करावी. एक शेत दगडी बांध व झुडपांची कड असलेले, आणि दुसरे बांध काढून सपाट केलेले घ्यावे. पीक, जमीन व पाणी शक्य तितके सारखे असावे. समजा, पहिल्यात अर्ध्या एकरात ६ व दुसऱ्यात १४ जिवंत बिळे आढळली. एवढ्यावरून बांधातील सापांनी उंदीर कमी केले, असा निष्कर्ष काढता येईल काय? येणार नाही. घुबडे, मुंगूस, मांजरे, विषारी गोळ्यांचा वापर, पिकाची अवस्था ह्या सर्वांचा विचार करावा लागेल. शेतांच्या एका जोडीऐवजी आठ-दहा जोड्या घ्याव्या लागतील. आणि मोजणी खरीप व रब्बी अशा दोन हंगामांत करावी लागेल. सहसंबंध व कार्यकारणभाव ह्यांतील भेद विद्यार्थ्यांस येथे जितका पटेल, तितका पुस्तकातून पटणार नाही.

एक धामण वर्षाकाठी हजारो उंदीर फस्त करते, ह्यासारखी विधानेही येथे तपासता येतील. साप हा शीतरक्त प्राणी असून शरीराचे तापमान राखण्यासाठी त्यास अन्न जाळावे लागत नाही. म्हणून त्याची अन्नाची गरज समान वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारे एक-दशांश असते. म्हणजे एकटा साप खादाड नसतो. त्याचे महत्त्व निराळ्या गोष्टीत आहे. तो बिळात शिरू शकतो आणि तेथील पिलांपर्यंत पोहोचतो, जे घुबडास शक्य नाही. आणि थोड्या अन्नावर पुष्कळ साप एका परिसरात राहू शकतात. मित्राची स्तुती करतानाही माप सोडू नये, हे विज्ञानाचे शील होय.

५. तिसरा प्रकल्प : समजुतींची परीक्षा

गावातील सापाविषयीच्या समजुती गोळा करणे हा लोकप्रिय प्रकल्प आहे. परंतु तो बहुधा समजूत व खुलासा अशा दोन रकान्यांत संपतो. त्यास परीक्षेची जोड द्यावी. नाग पुंगीवर डोलतो, ही समजूत घ्या. सापास बाह्य कर्ण नसतो, म्हणून तो ठार बहिरा, असे आपण अनेक वर्षे शिकवीत आलो. अलीकडील प्रयोगांनी हे मतही दुरुस्त केले आहे : सापाचा अंतःकर्ण जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो आणि जमिनीतील कंपनांबरोबरच हवेतून येणारे खालच्या पट्टीतील आवाजही तो जाणू शकतो. तथापि नाग डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीच्या हालचालीस प्रतिसाद म्हणून. जुनी समजूत चूक, आणि तिचे जुने खंडनही अपुरे, असे हे उदाहरण असल्यामुळे ते विशेष बोधप्रद आहे.

मांडुळास दोन तोंडे असतात व त्याच्यामुळे गुप्तधन मिळते, ही समजूत केवळ करमणुकीची नाही. तिच्यामुळे ह्या निरुपद्रवी प्राण्याची चोरटी विक्री होते आणि त्यात माणसे फसतात. शेपटीचा बोथट आकार शत्रूस डोक्याचा भास करून देतो, हे आकृतीने दाखवावे.

ह्या प्रकल्पाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मांत्रिकाच्या यशाचा आहे. ‘अमक्याने विष उतरविले, मी डोळ्यांनी पाहिले’, असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांचे निरीक्षण खरे असते; निष्कर्ष चुकीचा असतो. समजा, एका गावात दहा जणांस सर्पदंश झाला. त्यांपैकी सहा दंश बिनविषारी सापांचे होते. उरलेल्या चारांपैकी एकात विषारी सापाने विष सोडलेच नाही. असे कोरडे दंश होत असतात. आता हे दहाही जण देवळात नेले तर सात बरे होऊन घरी जातील. मांत्रिकाचा यशाचा हिशेब दहांत सात येईल. प्रत्यक्षात त्याने एकासही वाचविलेले नाही, आणि उरलेले तिघे मात्र, औषध उपलब्ध असूनही, गमावले जातील. बरे झालेले सात जण गावभर बोलतात; ते तिघे बोलू शकत नाहीत. निवडक पुराव्याचा दोष संख्याशास्त्राच्या ग्रंथांत अनेक पानांत सांगितलेला असतो. आठवीच्या मुलास तो ह्या दहा माणसांवरून समजेल, आणि घरी आजीस समजावून सांगता येईल.

६. चौथा प्रकल्प : कोपीतील रात्र

वरील तिन्ही प्रकल्पांचे पर्यवसान ह्या चौथ्यात व्हावे. हंगाम संपवून परतलेल्या कुटुंबांस विद्यार्थ्यांनी एक छोटी प्रश्नावली विचारावी. झोपणे जमिनीवर की बाजेवर? मच्छरदाणी होती काय, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या होत्या काय? रात्री बाहेर जाताना विजेरी वापरली काय? पाचट उचलताना आधी काठी लावली काय? पायांत काय होते? जवळचे, प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय ठाऊक होते काय, आणि तेथे जाण्यास वाहन कोणते? उत्तरे नावाविना नोंदवावीत. ज्या घरात मृत्यू घडला असेल तेथे मुलांस पाठवू नये. तेथे जावयाचे की नाही, हे शिक्षकांनी ठरवावे.

ह्या प्रश्नांची निवड यादृच्छिक नाही. मण्यार रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्यास चावतो, आणि त्याच्या दंशाची वेदना व सूज पुष्कळदा नगण्य असते. त्यामुळे पहाटे पोटदुखी किंवा पापण्या जड होणे हेच पहिले लक्षण ठरते. आग्नेय नेपाळातील एका अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांस सर्पदंशापासून संरक्षण मिळते असे आढळले. त्याच भागात, खेड्यातील स्वयंसेवकांनी रुग्णास मोटरसायकलवरून तत्काळ दवाखान्यात पोहोचविण्याची व्यवस्था व लोकशिक्षण ह्यांची जोड दिली, तेव्हा दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १०.५ वरून ०.५ वर आले; हा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला. औषध तेच होते. बदलले ते औषधापर्यंतचे अंतर.

म्हणून प्रकल्पाचे फलित म्हणून विद्यार्थ्यांनी दोन वस्तू तयार कराव्यात. पहिली, गावापासून प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयापर्यंतचा नकाशा, ज्यावर किलोमीटरांऐवजी मिनिटे लिहिलेली असतील. बीड जिल्ह्यापुरते पाहता जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ह्यांचे अंतर त्यात अवश्य असावे. दुसरी, कोपीत टांगता येईल असे एका पानाचे पत्रक : रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, अंगठ्या, कडे, पैंजण काढावे, आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, विष चोखू नये, साप शोधण्यात वेळ दवडू नये, थेट रुग्णालय गाठावे. हे पत्रक मुलांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून, हंगामास निघणाऱ्या आईवडिलांच्या सामानात ठेवावे.

७. विद्यापीठीय विभागांचे कर्तव्य

१९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत स्थानिक प्रश्नांवर, मातृभाषेत व गटाने केलेल्या प्रकल्पांस उत्तेजन दिले जाते. वरील चारही प्रकल्प त्या चौकटीत बसण्याजोगे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेका शाळेचे मार्गदर्शन पत्करल्यास दोन्ही पक्षांचा लाभ होईल. शाळेस पद्धतशास्त्र मिळेल आणि विभागास तालुकावार माहिती मिळेल. ह्या माहितीची गरज खरी आहे. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष चार प्रमुख जातींच्या विषावर घोड्यांच्या साहाय्याने तयार केले जाते, आणि त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा समाजाच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशपरत्वे बदलते, असे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे. मराठवाड्यातील सापांचे विष, त्यांचा प्रसार व दंशांचे ऋतुमान ह्यांचा पद्धतशीर अभ्यास हे येथील विभागांपुढे असलेले स्वाभाविक कार्य होय.

सारांश, शाळेत साप आणण्याची गरज नाही. तो मुलांच्या घराभोवती आहेच. त्याच्याकडे भीतीने किंवा भक्तीने पाहण्याऐवजी मोजपट्टी, वही आणि संयम घेऊन पाहण्यास शिकविणे एवढेच शिक्षकाचे काम आहे. प्रदर्शनातील ढाली काही दिवसांनी कपाटात जातात. मात्र एखाद्या फडावर मच्छरदाणीच्या कडा नीट खोचल्या गेल्या, किंवा देवळाकडे वळणारी बैलगाडी दवाखान्याच्या वाटेस लागली, तर तो प्रकल्प यशस्वी झाला, असे समजण्यास हरकत नाही.